तारीख नसलेली सुपारी

लिंबाजी मास्तर, चौकात तुझा फ्लेक्स लावलाय. तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी लावला. आज सोळा दिवस झाले, अजून कुणी उतरवला नाही. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तुझा फोटो, आणि तुझ्या शेजारी महोत्सव भरवणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो. त्याचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा आहे. हात जोडून तो उभा आहे, हसून तू बघतोयस. परगावचा माणूस थांबतो आणि विचारतो, यातलं गेलं कोण?

फोटो महोत्सवाच्या शेवटच्या दिवसाचा आहे. अंगावर शाल, हातात नारळ. ट्रम्पेट काखेत होतं, ते कापून टाकलंय. खाली लिहिलंय 'संगीताचे थोर उपासक'. तू कसली उपासना केलीस? तू लग्नात वाजवायचास. पन्नास वर्षं परतूरच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या वराती तुझ्या मागं चालल्या, तेवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं.

तेराव्याला सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. मी गप बसले, कारण मला जे बोलायचं होतं ते कौसासमोर बोलण्यासारखं नव्हतं. तुझी बायको आहे ती, तिला तू चांगलाच आठवू दे. माझं तुझं भांडण अर्धं राहिलंय. अर्धं टाकून उठून जायची तुला सवय नव्हती, या एका वेळी उठलास. तेव्हा उरलेलं मी इथं बोलते.

आपली दुकानं समोरासमोर. मध्ये एक टेम्पो जाईल एवढा रस्ता. इकडं माझं बांगड्यांचं, तिकडं तुझी अर्ध्या शटरची खोली, आत बँडचं पितळी वाजाप आणि भिंतीला टांगलेले लाल कोट. तू पहिल्यांदा आलास तेव्हा विशीतला होतास. तुझा बाप हलगी वाजवायचा, म्हणून माझ्या सासऱ्यानं नाक मुरडलं होतं की हे इथं कशाला. तुला पहिला चहा मी दिला तो वेगळ्या कपात दिला. दांडा तुटलेला कप होता. तू प्यालास, नळावर धुतलास, माझ्या पायरीवर उपडा ठेवलास आणि म्हणालास, "वहिनी, उद्यापासून मी माझा कप घेऊन येत जाईन. तुमचा फुटला तर माझ्या नावावर यायचा."

आणलासही. निळ्या फुलांचा होता. त्यानंतर कधीतरी सासरे गेले, कपांचा घोळ झाला, तुझ्या कपात मी आणि माझ्या कपात तू असं कितीदा झालं. पण त्या पहिल्या कपाबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. तूही विषय काढला नाहीस. मला वाटायचं तू विसरलास. आता वाटतं, तू विसरणारा नव्हतास.

आपली गल्ली बस्त्यावर जगायची. लग्न ठरलं की मंठ्याकडून, घनसावंगीकडून टेम्पो भरून माणसं यायची, नवरा-नवरीचं, मानपानाचं सगळं कापड एका दिवसात एकाच दुकानात घ्यायची, त्याला बस्ता म्हणतात. आधी मदनशेठकडं बस्ता बांधायचा. तो झाला की मदनशेठ गादीवरून नुसता हात करायचा, "समोर गयाबाईकडं जा." मी नवरीचे हात हिरव्या चुड्यानं भरायचे आणि भरता भरता विचारायचे, "बँड ठरला का गं माय?" ठरला नसला की तुझ्या पायरीकडं बोट. तुझ्याकडून फेटेवाल्याकडं, तिथून भांड्याच्या दुकानात. कुणी कुणाला यासाठी काही देत नव्हतं. रीत होती. एका टेम्पोवर आठ दुकानं चालायची.

तुझ्याकडं माणसं सुपारी द्यायला यायची ते बघायला मला आवडायचं. विड्याच्या पानावर सुपारी, शेजारी नारळ. तू आधी टोपी सारखी करायचास. मग दोन्ही हातांनी सुपारी उचलून कपाळाला लावायचास आणि लाल डायरीत तारीख लिहायचास. एकदा लिहिली की लिहिली. एका वाडीवरच्या मजुराच्या पोरीच्या लग्नाची सुपारी तू घेतलीस आणि चार दिवसांनी जिनिंगवाल्याच्या घरचे त्याच तिथीला आले. घोडे दोन, माणसं दोन हजार. तू नाही म्हणालास. मी त्या दिवशी तुला मूर्ख म्हणाले. कारण जिनिंगवाल्याच्या घरच्या बायका तुझ्याकडं आल्या असत्या तर माझ्याकडंही आल्या असत्या. तू म्हणालास, "घेतलेली सुपारी फिरत न्हाई, वहिनी. फिरली तर मी कसला मास्तर, नुसता फुंक्या."

तुझी दुसरी एक रीत होती. स्वतःच्या घरच्या कामाला बँड घरच्या सुपारीवर वाजवायचा नाही. तुझ्या पोरीचं लग्न होतं तेव्हा तू अंघोळ करून माझ्या दुकानात आलास आणि उभाच राहिलास.

"काय रे?"

"वहिनी, सुपारी तुम्ही द्या."

"पोरगी तुझी, बँड तुझा. सुपारी मी कशापायी देऊ?"

"घरच्या कामाला घरची सुपारी चालत न्हाई. बापाच्या वक्ताची रीत हाय. बाहेरच्या माणसानं मान दिला तरच वाजवायचं, न्हाई तर नुसता गोंधळ."

मी गल्ल्यातली सुपारी काढून दिली. पान नव्हतं, तर बांगड्यांच्या पुठ्ठ्यावर ठेवून दिली. तू ती तशीच कपाळाला लावलीस. त्या लग्नात तू असं वाजवलंस की बशीरचा क्लॅरोनेट मागं पडला. तीस वर्षं तुझ्याजवळ क्लॅरोनेट वाजवणारा माणूस, पण त्या दिवशी थांबून तुझ्याकडं बघायला लागला.

आमचे हे गेले तेव्हा सगळं मुकाट्यानं उरकलं. भावकीतले चार लोक, दोन टाळ. मला ते आवडलं नव्हतं. वर्षभरानं एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तू चहाला आल्तास, मी एक सुपारी तुझ्यापुढं ठेवली.

"कुणाचं लग्न?"

"माझी मयत. लेक संभाजीनगरला, जावई मुकाट्यानं उरकणारा. मला मुकाट्यानं न्यायचं न्हाई. बँड पाहिजे."

तू हसशील असं वाटलं होतं. तू टोपी सारखी केलीस. "तारीख काय लिहू?"

"ती तुझ्या देवाला विचार."

"मंग जागा मोकळी सोडतो. वाजवायचं काय?"

"वरात निघताना वाजवतोस ते. रडकं वाजवलंस तर उठून बसंन."

डायरीत माझं नाव लिहिलंस, पुढची जागा कोरी ठेवलीस, आणि सुपारी पितळ घासायच्या पावडरच्या डबीत टाकलीस. नऊ वर्षं ती तिथं होती. लग्नसराईत दमून आलास की डबी वाजवून दाखवायचास, "वहिनी, तुमची ऑर्डर पेंडिंग हाय. जल्दी करा, माझे दात चालले."

दात खरंच चालले होते. दातांशिवाय ट्रम्पेट वाजत नाही. आणि डीजे आल्यापासून बँड मागणारंही कमी झालं. आठ माणसांचा तुझा बँड पाचावर आला. हे सगळं मला दिसत होतं. म्हणून तर त्या महोत्सवाची गोष्ट मला जास्त लागली.

माघात ते लोक आले. पुढाऱ्याचा पुतण्या आणि त्याच्याबरोबर दोघं-तिघं, सगळ्यांचे टीशर्ट एकसारखे. भर पेठेत पाच दिवसांचा संगीत महोत्सव. चौकात स्टेज, गल्लीत खुर्च्या, दोन्ही तोंडांना बांबू बांधून रस्ता बंद. बाहेरून गाणारे येणार. पेठेला जुने दिवस येणार. गर्दी होईल, धंदा वाढेल. परवानगीला दुकानदारांच्या सह्या पाहिजे होत्या, आणि त्यांना कुणीतरी सांगितलं की या गल्लीत सगळे लिंबाजी मास्तरचं ऐकतात. ते खरं होतं. म्हणून ते आधी तुझ्याकडं आले.

तू त्यांना म्हणालास, सुपारी ठेवा. त्या पुतण्याला कळेना, त्यानं पानटपरीवरून कातरलेली सुपारी आणली. तू ती परत पाठवलीस, अख्खी आणायला लावलीस, कपाळाला लावलीस, डायरीत पाचही तारखा लिहिल्यास. त्यांच्यासाठी ती गंमत होती. एकानं मोबाइलवर तुझा फोटो काढला. मी माझ्या गादीवरून बघत होते, मास्तर. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

मग तू सह्यांचा कागद घेऊन दुकानोदुकान फिरलास. माझ्याकडं शेवटी आलास, कारण मी काय म्हणणार ते तुला माहीत होतं.

"सारी गल्ली राजी हाय, वहिनी."

"गल्ली राजी असंल. लग्नसराई तोंडावर आलीय आन् रस्ता बंद करून राह्यलात? डोकं फिरलंय काय तुमचं?"

"दहा गावची माणसं येतील."

"येतील की. बांगड्या भरायला येतील काय? नाचता नाचता हात पुढं करतील?"

"तुम्ही ना, वहिनी, चांगलं दिसायलाच तयार न्हाईत."

"टेम्पो कुठं थांबंल ते सांग. बस्त्याचा टेम्पो. एवढंच सांग."

तू पायरीवर बसलास. कागदाची घडी केलीस, उघडलीस. मग म्हणालास, "आयुष्यभर घोड्याच्या म्होरं चालत वाजवलं. माणसं नाचत्यात, ओरडत्यात, कुणी ऐकत न्हाई. एकदा बसलेल्या माणसांपुढं वाजवायचंय. खुर्चीवर बसून ऐकणाऱ्या. एकदाच. मंग दात पडूंद्या."

मी सही केली. धंद्यासाठी केली नाही, त्या पुतण्याच्या बोलण्यानंही केली नाही. तुझ्या त्या एका वाक्यासाठी केली. तुला मात्र म्हणाले, "सगळ्यांनी खड्ड्यात उडी मारली, मी एकटी काठावर काय करू." खरं कारण तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं. कदाचित नसतंही.

आता महोत्सवाबद्दल खोटं बोलणार नाही. गर्दी झाली. चहावाल्याचा पाच दिवस हात थांबला नाही. पानटपरीवाला खूश. वड्यांच्या, आइस्क्रीमच्या गाड्या मात्र बाहेरून आल्या आणि आमच्याच शटरला पाठ लावून उभ्या राहिल्या. भांड्याच्या दुकानाची पायरी कागदी बश्यांनी भरून गेली. मदनशेठनं पहिल्या दिवशी दुकान उघडलं, दुसऱ्या दिवशी अर्धं उघडलं, तिसऱ्या दिवशी आलाच नाही.

माझ्या दुकानाला लागून काळे स्पीकर रचले, माझ्या उंचीपेक्षा दोन हात वर. पहिला ठोका पडला तशी खुंट्यांवरच्या काचेच्या बांगड्यांची माळ हलायला लागली. मी धरून उभी राहिले. एका बाजूची धरली की दुसऱ्या बाजूची खाली. आम्ही कासार लोक बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. पन्नासच्या वर वर्षं माझ्या तोंडून दुसरा शब्द गेला नाही. त्या दिवशी मी मोठ्यानं म्हणाले, फुटल्या. कुणाला ऐकू गेलं नाही, स्पीकरच एवढा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गोष्ट झाली, ती मी कुणाला सांगितली नाही. एक पोरगी स्टेजवर आवाज तपासायला आली. साधी, चपला काढून उभी राहिली. समोर कुणी नव्हतं, नुसत्या खुर्च्या. तिनं डोळे मिटून दोन ओळी म्हटल्या. मी हातातलं काम ठेवलं. गाणं चांगलं होतं, मास्तर. वाईट होतं असं मी म्हणत नाही. तूही स्टेजच्या कडेला उभा राहून ऐकत होतास. आपण एकमेकांकडं बघितलं आणि तू मान हलवलीस, बघा, मी म्हणालो नव्हतो का. मी तोंड फिरवलं. तेव्हा तुझ्याकडं बघून हसायला पाहिजे होतं.

कारण त्याच दुपारी मंठ्याकडची पार्वताबाई बांबूच्या पलीकडून मला हाका मारत होती. तिच्या सासूला मी बांगड्या भरल्या, तिला भरल्या, तिच्या दोन पोरींना भरल्या. आता नातीचं लग्न. टेम्पो तिथंच अडवलेला.

"गयाबाई, आत सोडंनात वं. पोरं म्हणत्यात, तिकडं नव्या रोडला चला, तिथं सारं एकाच छताखाली भेटतंय."

"मी बांगड्या घेऊन बाहेर येते. तिथंच भरू."

"रस्त्यात? नवरीला?" ती म्हणाली. "असं कसं करू, माय."

बरोबर होतं तिचं. नवरीला रस्त्यात उभी करून चुडा भरत नसतात. ती गेली. मी बांबूला हात लावून उभी राहिले. टेम्पो वळला, मागच्या बाजूनं नवरीनं माझ्याकडं हात केला. मोकळा हात. नव्या रोडच्या दुकानात बांगड्याही ठेवतात, प्लास्टिकच्या पाकिटात, माप लिहिलेल्या. भरणारं कुणी नसतं, ज्यानं त्यानं घालायच्या. पण मिळतात. त्या पाच दिवसांत किती टेम्पो वळले ते मी मोजलं नाही. मोजून काय करायचं होतं? रस्ता उघडला तरी ते परत आले नाहीत, एवढं मला दिसलं. माणसाला एकदा वाट सापडली की तो जुन्या वाटेनं उगीच कशाला येईल. मदनशेठनं नव्या रोडला जागा घेतलीय म्हणे. फेटेवाल्यानं खोली सोडली. आपल्या गल्लीत आता दुपारी कुत्री झोपतात, मधोमध, निवांत.

आणि तुझं काय झालं?

पहिल्या दिवशी तू लाल कोट घालून आलास. पितळेची बटणं घासलेली. चारही माणसं तशीच. पुतण्या म्हणाला, मास्तर, आधी साहेबांचं स्वागत करायचं. पुढारी गाडीतून उतरला आणि गल्लीच्या तोंडापासून स्टेजपर्यंत तू त्याच्यापुढं वाजवत चाललास. मी पायरीवरून बघितलं. घोडा नव्हता, एवढाच फरक. स्टेजपाशी पोचल्यावर तू वर चढायला लागलास तर पुतण्या म्हणाला, "मास्तर, तुमचं उद्या."

उद्या पुन्हा उद्या. पाच दिवस तू स्टेजच्या मागं ढोलाच्या पेटीवर कोट घालून बसलास. बशीर म्हणाला, चला घरी. तू म्हणालास, सुपारी घेतलीय. उन्हात कोटाला घामाचे पांढरे डाग पडले. मी दोनदा पाणी पाठवलं. तू प्यालास, माझ्याकडं बघितलं नाहीस.

पाचव्या दिवशी संध्याकाळी नाव पुकारलं. तू वर गेलास. खुर्च्यांवर माणसं बसली होती, मास्तर. गच्च भरल्या होत्या. तुला पाहिजे होती तशी बसलेली माणसं. तू ट्रम्पेट वर केलंस, आणि त्यांनी तुझ्या खांद्यावर शाल टाकली. तू ट्रम्पेट काखेत धरलंस, शाल सावरलीस, त्यांनी हातात नारळ दिला. दुसऱ्या हातात फुलं दिली. फोटो काढला. टाळ्या झाल्या. ट्रम्पेट काखेतून निघायच्या आत पुढच्याचं नाव पुकारलं आणि तू खाली आलास. दोन्ही हात भरलेले. मी ओरडणार होते, अरे त्याला वाजवू द्या. मी ओरडले नाही. मला तुझा राग आला होता. त्यांचा नाही, तुझा. नारळ फेकून वाजवायचं होतंस. पण तू नारळ कधी फेकणारा नव्हतास.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहाला आलास. शाल घडी करून आणली होतीस, "वहिनी, तुम्हाला थंडीत होईल" म्हणून. मदनशेठ दुकान झाडून घेत होता. मी त्याच्यासमोर बोलले.

"माझी सुपारी परत दे."

तुला वाटलं मी थट्टा करते. "घेतलेली सुपारी फिरत न्हाई, वहिनी."

"त्यांची घेतलीस. पाच दिवस बसून वाजवलं न्हाईस. बसलेल्या जित्या माणसांपुढं वाजवता येईना, मंग माझ्या मढ्यापुढं काय वाजवणार? दे परत."

मदनशेठचा झाडू थांबला. तुझा चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं तर पायरीवर सुपारी होती. पितळेच्या पावडरनं पिवळी झालेली. पन्नास वर्षांत तू घेऊन परत केलेली ती एकच सुपारी, आणि ती मी परत करायला लावली.

त्यानंतर अठरा दिवस आपण समोरासमोर बसलो आणि बोललो नाही. तू ट्रम्पेट घासायचास. मी बांगड्या पुसायचे. मला वाटायचं, चूक याची आहे, यानं यावं. गल्ली यानं बुडवली, यानं बोलावं. तुला काय वाटायचं ते मला कधी कळणार नाही. वयानं मी मोठी होते. आधी मी बोलायला पाहिजे होतं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि तरी मी उठले नाही. मध्ये एवढासा रस्ता, मास्तर. आणि त्यावर आता टेम्पोही नव्हता.

एकोणिसाव्या दिवशी तुझं शटर उघडलं नाही. बशीर सांगायला आला. अंघोळीच्या पाण्याची बादली उचलताना पडलास, तिथंच संपलास.

मी तुझ्या दारात आले तेव्हा पुढाऱ्याची माणसं गाडी घेऊन आलेली होती. गाडीवर स्पीकर, त्यावर रडकी गाणी लावलेली. कौसा भिंतीला टेकून बसली होती. बशीर आणि बाकीचे तिघं अंगणात वाजाप घेऊन उभे होते, आणि नुसते उभे होते.

"वाजवा की," कुणीतरी म्हणालं.

बशीर म्हणाला, "घरचं काम हाय. घरच्या सुपारीवर कसं वाजवू? मास्तर असते तर जोड्यानं मारलं असतं."

आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. तुझ्या पोरीच्या लग्नात सुपारी कुणी दिली ते त्याला आठवत होतं.

तू परत केलेली सुपारी माझ्या पदराच्या गाठीत होती. त्या सकाळपासून तिथंच होती. ठेवायचं काही कारण नव्हतं, फेकायचंही सुचलं नव्हतं. मी गाठ सोडली. आधी त्या स्पीकरवाल्याला म्हणाले, "ते डबडं बंद कर." तो म्हणाला, आजी, साहेबांनी लावायला सांगितलंय. मी म्हणाले, "तुझ्या साहेबाच्या मयतीला लाव." त्यानं बंद केलं. मग बशीरच्या हातावर सुपारी ठेवली. त्यानं ती कपाळाला लावली, अगदी तू लावायचास तशी.

"काय वाजवू, वहिनी?"

"वरात निघताना वाजवता ते."

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. बघू देत. तुला घेऊन ते पेठेतून निघाले. मी आपल्या कोपऱ्यापर्यंत चालले, पुढं बायका जात नाहीत. निम्मी शटरं बंद होती. सगळे म्हणाले, मास्तरसाठी बाजार बंद ठेवला. मला माहीत होतं ती कशानं बंद होती.

परवा कौसाकडून तुझी लाल डायरी मागून घेतली. माझं नाव सापडलं. पुढची जागा कोरी. माझं अक्षर चौथीचंच आहे, तरी मी तिथं तुझी तारीख लिहिली. त्यानं ती ऑर्डर संपली. बशीर पोराकडं जालन्याला चाललाय, बाकीच्यांनी वाजाप विकायला काढलंय. माझ्या वेळेला आता कुणी नाही, मला मुकाट्यानंच नेतील. त्याचं मला काही वाटत नाही, मी तेव्हा ऐकायला नसेन.

पण त्या दिवशी मी ऐकायला होते, मास्तर. बशीरला सूर धरता येईना, ढोल मागं पडला, ट्रम्पेटच्या जागा सगळ्या रिकाम्या गेल्या. तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलतायत, म्हणून हे तुला कुणी सांगणार नाही. मी सांगते. तुझ्याशिवाय फार वाईट वाजलं.